ऑफ-सीझनमधला ताकदीचा कार्यक्रम: तरुण खेळाडूसाठी तो कसा निवडावा

शेवटची स्पर्धा संपली की आठवड्याभरात घरात दोन-तीन कागद जमा होतात. एक संघातल्या मोठ्या मुलाकडून आलेला, एक जिममधल्या ट्रेनरने दिलेला आणि एक कुठल्याशा नामांकित खेळाडूचा व्यायाम म्हणून मोबाइलवर फिरत आलेला. तिन्हींवर वारांचे रकाने, व्यायामांची नावं, रेप्स (एक हालचाल किती वेळा करायची) आणि सेट (तशा किती फेऱ्या). नवख्या पालकाला तिन्ही सारखेच खरे वाटतात. मुलाला साहजिकच त्यातला सगळ्यात दमवणारा आवडतो.

माझ्या मते कागदावर व्यायाम कोणते लिहिलेत यावरून कार्यक्रमाची पारख फारशी होत नाही, कारण नावं सगळीकडे तीच असतात. पारख होते एका प्रश्नावर: मुलाला आज हे जमलं नाही, गुडघा दुखला, झोप झाली नाही, दोन महिन्यांत उंची भराभर वाढली, तर हा कार्यक्रम काय करायला सांगतो? वजन कसं वाढवायचं ते सगळेच लिहितात. कमी कधी करायचं, व्यायाम सोपा कसा करायचा आणि कुठे थांबायचं, हे ज्यात लिहिलेलं असतं तो कार्यक्रम प्रत्यक्ष मुलांबरोबर काम केलेल्या माणसाचा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच आहेत. त्या साधारण ११ ते १७ वर्षांच्या, वजनांशी फारशी ओळख नसलेल्या खेळाडूला धरून लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी कॅलेंडर, मग कार्यक्रम

पुढच्या सीझनचा पहिला सराव ज्या तारखेला आहे ती लिहा आणि तिथून उलटे मोजत या. मधल्या आठवड्यांतून सुरुवातीचे दोन आठवडे विश्रांतीसाठी काढून ठेवा. विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. पोहणं, सायकल, मित्रांबरोबर दुसरा एखादा खेळ, असं काहीही चालेल, फक्त मुख्य खेळ नको आणि हिशेब ठेवणारं कोणी नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दिलेला सल्ला असा, की मुलांनी आपल्या मुख्य खेळापासून वर्षभरात एकूण किमान ३ महिने दूर राहावं, हवं तर एकेक महिन्याच्या तुकड्यांत, आणि आठवड्यातला किमान एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. ताकदीचा व्यायाम या सुटीच्या आड येत नाही. उलट तो शिकायला हीच वेळ सोयीची, कारण दुसऱ्या दिवशी सामना नसतो आणि पाय जड झाले तरी कोणाचं बिघडत नाही.

विश्रांती वजा जाता ८ ते १२ आठवडे उरत असतील तर काम नीट होतं. पहिले तीन-चार आठवडे हालचाली शिकण्यातच जातात. जेमतेम चार-पाच आठवडे हातात असतील तर 'सहा आठवड्यांत स्फोटक ताकद' छापाचा कुठलाही कार्यक्रम कोंबून बसवू नका. तेवढ्या वेळात फक्त हालचाली शिकून घ्या, वजनं पुढच्या वर्षी येतील.

याच कॅलेंडरवर शिबिरं, क्लब, शाळेचा संघ, दुसरा खेळ, सगळं मांडा. एकूण संघटित खेळ-व्यायामाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ नयेत, हा क्रीडावैद्यकात वापरला जाणारा एक सोपा अंदाज आहे: १३ वर्षांच्या मुलीला १३ तास. ताकदीचे दोन-तीन तास यातच धरायचे, वेगळे नाहीत. बेरीज आत्ताच १५ येत असेल तर काहीतरी काढल्याशिवाय नवीन काही घालू नका. पालक नेमकी हीच पायरी गाळतात.

पायरी २: मुलाची तीन वयं

जन्मतारखेचं वय सगळ्यांना माहीत असतं आणि कार्यक्रम निवडायला त्याचाच उपयोग सगळ्यात कमी. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणून दुसरं वय बघायचं ते वाढीचं.

मुलींची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती साधारण १२व्या वर्षाच्या आसपास, मुलांची १४व्या. अलीकडे-पलीकडे दीड-दोन वर्षं सहज होतात. बालपणी वर्षाला ५-६ सेंमी वाढणारं मूल या काळात ८ ते १० सेंमी वाढतं. वजन आणि स्नायू त्यामागून काही महिन्यांनी येतात. मधल्या काळात हातपाय लांब झालेले, पण त्यांना सांभाळणारी ताकद अजून यायची असते. कालपर्यंत सफाईने पळणारा मुलगा अडखळायला लागतो, गुडघ्याखालचं हाड दाबलं की दुखतं, टाच दुखते. गुडघ्याखालच्या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, टाचेच्या दुखण्याला सीव्हर्स. स्नायूबंध हाडाला जिथे जोडलेला असतो तिथल्या वाढीच्या कूर्चेवर वारंवार ताण आल्याने ही दुखणी होतात आणि योग्य वेळी भार कमी केला तर बहुतेक मुलांत वाढ पूर्ण होईपर्यंत मागे पडतात.

यासाठी घरी करायचं काम इतकंच: महिन्यातून एकदा, सकाळीच, अनवाणी, भिंतीला टेकून उंची मोजा आणि लिहून ठेवा. सकाळीच अशासाठी, की दिवसभरात माणसाची उंची थोडी घटते आणि संध्याकाळचा आकडा फसवतो. एका महिन्याच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका, तीन महिन्यांचा बघा. तीन महिन्यांत दोन सेंमीपेक्षा जास्त वाढ दिसली तर कार्यक्रमातल्या उड्या आणि धावणं कमी, वजन तेवढंच किंवा हलकं आणि हालचालींच्या सफाईवर भर, असा बदल व्हायला हवा. त्यासाठी कार्यक्रमात जागा आहे का ते विचारा. 'वाढीचा विचार यात कुठे केला आहे?' या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर तेही एक उत्तरच.

तिसरं वय सरावाचं: मुलाने आजवर किती काळ नीट शिकून ताकदीचा व्यायाम केला आहे. १६ वर्षांचा, राज्य पातळीवर खेळणारा, पण बारबेलला (टोकांना वजनं लावायचा लांब दांडा) कधी हात न लावलेला मुलगा इथे शून्य वर्षांचा आहे. १२ वर्षांची, दोन वर्षं जिम्नॅस्टिक्स केलेली मुलगी त्याच्या पुढे आहे. कार्यक्रम या तिसऱ्या वयाप्रमाणे निवडायचा आणि दुसऱ्या वयाप्रमाणे वाकवायचा.

आता उंची खुंटण्याच्या भीतीबद्दल, कारण ती कोणीतरी वडीलधारं काढणारच. नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतल्या नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशनने २००९ मध्ये आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून २०१४ मध्ये काढलेल्या निवेदनांत हेच म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं तर ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणाऱ्या हालचाली कराव्यात असं सांगतात. शिवाय धावताना आणि उडी मारून उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतच असतो. हातात ५ किलोचं डंबेल धरून केलेली बैठक त्यापुढे किरकोळ. लहान मुलांना जिममध्ये खरी इजा होते ती बऱ्याचदा वजन पायावर पडून किंवा बोट चेमटून. म्हणजे काळजी घ्यायची ती शिस्तीची आणि देखरेखीची.

पायरी ३: दुखणं आधी मिटवा

सीझनमधून उरलेलं दुखणं घेऊन कार्यक्रम सुरू करू नका. 'व्यायामाने आपोआप जाईल' हे काही दुखण्यांबाबत खरं असतं, पण ते ठरवणं तुमचं-माझं काम नाही. किशोरवयीन खेळाडूची कंबर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, विशेषतः मागे वाकल्यावर, तर डॉक्टरांना दाखवा. वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट, भालाफेक करणारी मुलं यांच्यात कमरेच्या मणक्याला ताणामुळे बारीक तडा जाण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही आणि सुरुवातीला ते साधं लचकणंच वाटतं. व्यायाम करताना चक्कर येणं, छातीत दुखणं, धावता धावता शुद्ध हरपणं, किंवा कुटुंबात तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर तपासणीआधी एकही सेट नको. दमा, मधुमेह, फेफरं असलेली मुलंही ताकदीचा व्यायाम करतात आणि त्यांना फायदाही होतो. फक्त डॉक्टर आणि प्रशिक्षक दोघांनाही ते माहीत हवं.

पायरी ४: मूल हालतं कसं ते बघा

कार्यक्रम निवडण्याआधी घरीच पाच हालचालींचं मोबाइलवर चित्रण करा, समोरून एकदा आणि बाजूने एकदा. हातांना वजन न घेता बैठक. पाठीला काठी लावून कमरेतून पुढे वाकणं. काठी डोकं, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहायला हवी. पुश-अप. साधारण २० सेंमी उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला लावून वर येणं. आणि त्याच पायरीवरून दोन्ही पायांवर उडी मारून उतरणं.

किती रेप्स झाल्या ते मोजू नका. बघायचं ते असं: बसताना टाचा उचलल्या जातात का, गुडघे आत पडतात का, पुश-अपमध्ये कंबर खाली लोंबते का, उतरताना धप्प आवाज येतो का. गुडघे आत पडण्याकडे मुलींच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटच्या दुखापतीचा धोका किशोरवयीन मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि ती दुखापत बहुधा कोणाशी टक्कर न होता, उतरताना किंवा झटक्यात वळताना होते.

हे चित्रण घेऊन प्रशिक्षकाकडे जा. ते बघून तो काय बोलतो त्यावरून त्याच्याबद्दल बरंच कळतं. न बघताच 'सोमवारपासून पाठवा' म्हणाला, तरी कळतंच.

पायरी ५: कार्यक्रम वाचायला शिका

इथे थोडा वेळ घालवा. चांगल्या कार्यक्रमात सहा प्रकारच्या हालचाली असतात: बसणं, कमरेतून वाकणं, ढकलणं, ओढणं, एका पायावरचं काम, आणि धड स्थिर ठेवणं किंवा वजन घेऊन चालणं. पेन घ्या आणि प्रत्येक व्यायामापुढे त्याचा प्रकार लिहा. बऱ्याच कागदांवर ढकलण्याचे पाच व्यायाम आणि ओढण्याचा एक निघतो, कारण आरशात दिसते ती छाती. पाठीचे आणि मांडीच्या मागच्या बाजूचे व्यायाम निदान बरोबरीने हवेत.

मग दिवस. नवख्या खेळाडूला आठवड्यातून दोन ते तीन दिवस पुरतात, लागोपाठ नकोत. 'सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे' ही शरीराचे तुकडे पाडण्याची पद्धत शरीरसौष्ठवातून आली आहे. खेळाडूसाठी प्रत्येक वेळी सगळं शरीर, हे बरं. एखादा दिवस बुडाला तर आठवडाभर पायांना काम मिळालंच नाही असं होत नाही.

सेट आणि रेप्स: सुरुवातीला प्रत्येक व्यायामाचे एक ते दोन सेट, १० ते १५ रेप्स, हलक्या वजनाने. हालचाल पक्की झाल्यावर दोन ते तीन सेट, ६ ते १५ रेप्स. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवायचा, की अजून दोन-तीन रेप्स नीट झाल्या असत्या. हात थरथरेपर्यंत, चेहरा वेडावाकडा होईपर्यंत करणं ही नवख्याची गरज नाही. तशा रेप्समध्ये हालचाल बिघडते आणि बिघडलेली हालचालच शरीर शिकतं.

वजन वाढवण्याबद्दल सगळीकडे '५ ते १० टक्क्यांनी वाढवा' असं लिहिलेलं सापडेल. नियम बरोबर आहे, पण जिममध्ये तो पाळायला गेलं की अडतं. डंबेलं बहुधा दोन-अडीच किलोच्या टप्प्यांनी असतात. ५ किलोवरून साडेसात किलोवर जाणं म्हणजे एकदम ५० टक्के वाढ! मोठ्या माणसाला जो छोटा टप्पा, तो मुलाला उंच उडी ठरतो. म्हणून आधी रेप्स वाढवायच्या: त्याच वजनाने ८ वरून ९, १०, अशा १२ पर्यंत, आणि दोन वेळा लागोपाठ सगळ्या सेट्समध्ये १२ नीट झाल्या की मग पुढचं वजन घेऊन पुन्हा ८ पासून. बारबेलचंही तसंच. स्पर्धेतला पुरुषांचा रिकामा बार २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो. ४० किलोच्या मुलासाठी रिकामा बार म्हणजेच शरीराच्या निम्मं वजन. 'फक्त बारने सुरुवात करतोय' हे ऐकायला सौम्य वाटतं, असेलच असं नाही. जिथे हलके बार किंवा निदान लाकडी काठी ठेवलेली दिसते, तिथे मुलांचा विचार झालेला असतो.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न: उतरायची वाट. प्रत्येक व्यायामाची सोपी आवृत्ती कागदावर आहे का? जमिनीवर पुश-अप होत नाही तर हात बाकावर ठेवून. पुल-अप होत नाही तर पाय जमिनीला टेकवून आडव्या बारला छाती ओढणं. दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा आहे का, ज्यात सेट निम्मे होतात? झोप नीट झाली नाही किंवा अंग खूप दुखतंय अशा दिवशी काय, हे लिहिलेलं आहे का? या तिन्हींना 'नाही' असेल तर कागद कितीही रंगीत असो, परत द्या.

तुलनेसाठी एक नमुना देतो. वय १३-१४, नवखा, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी ४५-५० मिनिटं:

- १० मिनिटं वॉर्म-अप: हलकं धावणं, सांधे मोकळे करणं, बिनवजनाच्या बैठका
- उडी मारून स्थिर उतरणं: ३ सेट, प्रत्येकी ३ ते ५ उड्या, मधे पुरेशी विश्रांती
- छातीजवळ डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट: २ सेट, ८ ते १२
- रोमेनियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं आणि परत उभं राहणं), हलक्या डंबेलांनी: २ सेट, ८ ते १२
- पुश-अप, जमेल त्या उंचीवर: २ सेट, ६ ते १०
- एका हाताने डंबेल रो (पुढे वाकून डंबेल कमरेकडे ओढणं): २ सेट, दोन्ही बाजूंना ८ ते १२
- स्टेप-अप (पायरीवर चढणं) किंवा स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक): २ सेट, प्रत्येक पायावर ६ ते ८
- दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं: २ फेऱ्या, २० मीटर

सेटमध्ये एक ते दोन मिनिटं थांबायचं. चौथा आठवडा हलका, पाचव्यापासून बैठक आणि ओढण्याच्या व्यायामाला तिसरा सेट. बस. हे बघून मुलगा नाक मुरडेल. यात टायर उलटवणं नाही, दोरखंड आपटणं नाही. पण नवख्याची ताकद इतक्यावर वाढते, आणि सुरुवातीचे आठवडे ती भराभर वाढते. वयात येण्याआधी तर स्नायू जाड न होताच ताकद वाढते, कारण मेंदू आणि मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंतले जास्त तंतू कामाला लावायला शिकतात. तेव्हा दंड मोजून प्रगती ठरवू नका. रेप्स वहीत लिहीत जा आणि त्या मोजा.

कोणीच प्रशिक्षक उपलब्ध नसेल, तर वॉर्म-अपसाठी फिफा ११+ हा तयार कार्यक्रम बघा. फुटबॉलसाठी बनवलेला आहे, साधनं जवळपास लागत नाहीत, २० मिनिटांत होतो. त्यात धावणं, तोल, उड्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. आठवड्यातून किमान दोनदा नियमित केल्यास दुखापती कमी होतात असं फुटबॉलपटूंच्या अभ्यासांत दिसलं आहे. लहान मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. पळणं-वळणं असलेल्या इतर खेळांनाही तो बऱ्यापैकी लागू पडतो.

पायरी ६: 'खास तुमच्या खेळासाठी' या पाटीचं काय करायचं

वजनदार बॅट, पाठीला पॅराशूट, रबरी दोर बांधून मारलेले स्मॅश. दिसायला खेळासारखं, म्हणून उपयोगी वाटतं. नवख्यासाठी हे जवळजवळ सगळं बाजूला ठेवावं. खेळातली हालचाल मुलाने सीझनभर हजारो वेळा केलेली आहे. ऑफ-सीझनमध्ये तीच वजन लावून पुन्हा करणं म्हणजे दमलेल्या जागेलाच पुन्हा दमवणं. जलतरणपटूचे खांदे पुढे ओढले गेले असतील तर त्याला ओढण्याचे आणि पाठीचे व्यायाम हवेत. वेगवान गोलंदाजाला मागे वाकण्याची भर नको, धड स्थिर ठेवण्याचं काम हवं. बॅडमिंटनपटूचा एक पाय आणि एक हात दुसऱ्यापेक्षा पुढे गेलेला असतो, त्याला दोन्ही बाजूंचं सारखं काम हवं. खेळासाठी खास याचा अर्थ मी एवढाच घेतो: खेळाने जे वाकडं केलं ते ऑफ-सीझनमध्ये सरळ करणं. खऱ्या अर्थाने खेळाजवळ जाणारे व्यायाम, झटक्याच्या उड्या, मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) फेकणं, छोट्या अंतराच्या पूर्ण वेगाच्या धावा, हे शेवटच्या तीन-चार आठवड्यांत आणा.

(जमिनीवरच्या दोरीच्या शिडीत पाय नाचवण्याला माझा विरोध नाही. मुलांना मजा येते. पण त्याला ताकदीचा व्यायाम म्हणून पैसे देऊ नका.)

पायरी ७: माणूस पारखा

कार्यक्रम मध्यम आणि प्रशिक्षक उत्तम, हे चालेल. उलटं चालणार नाही. प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास बसून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर विषय संपला.

बसल्यावर हे बघा: शाळकरी वयाच्या किती मुलांमागे एक प्रशिक्षक आहे (दहाच्या वर जाऊ नये), तो मुलांकडे बघतो की मोबाइलकडे, मूल चुकलं की तो वजन कमी करायला लावतो की नुसता ओरडतो. मग विचारा, 'पहिल्या दिवशी काय कराल?' चांगलं उत्तर: कसा हालतो ते बघीन, जुन्या दुखापती विचारीन. वाईट उत्तर: जास्तीत जास्त किती उचलतो ते काढू. एका रेपची कमाल चाचणी पूर्णपणे निषिद्ध नाही, अनुभवी मुलांवर जाणकारांच्या देखरेखीत ती होते. पण नवख्यावर पहिल्या आठवड्यात ती करण्याचं कारणच नाही. प्रमाणपत्र कुठलं, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायची मदत) येतं का, हेही विचारा. चांगला प्रशिक्षक त्याचा राग मानत नाही.

एक गोष्ट संकोच न करता स्पष्ट करून घ्या: व्यायाम उघड्यावर, इतरांच्या नजरेसमोर होईल, शरीराला हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारलं जाईल, आणि मुलाशी खाजगी संदेश चालणार नाहीत; जो निरोप असेल तो पालकांना सोबत घेऊन. मुलगा असो वा मुलगी.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी बाहेर पडा. शिक्षा म्हणून शंभर-दोनशे बैठका. उलटी होईपर्यंत सर्किट (न थांबता एकामागून एक व्यायाम) आणि त्याचं कौतुक. वजन घटवण्यासाठी पाणी तोडणं. सुटीवरून परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी अतिरेकी व्यायाम देण्याने स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखून सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता रुग्णालय गाठा. नेहमीचं अंग दुखणं वेगळं: ते दुसऱ्या दिवशी येतं, तीन दिवसांत ओसरतं.

पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्या प्रशिक्षकाकडे सल्ला आणि दुकान एकाच काउंटरवर असतं, एवढं लक्षात ठेवा. वाढत्या मुलाला पोटभर, वेळेवर, विविध अन्न पुरतं. क्रिएटिनसारखी पूरकं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संस्था किशोरांना सुचवत नाही. डब्यावर न लिहिलेले प्रतिबंधित घटक काही उत्पादनांत सापडतात, आणि उत्तेजक चाचणीत दोष आढळला तर 'माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

पायरी ८: दोन आठवडे चालवून बघा

सहा महिन्यांचे पैसे आधी भरू नका. दोन आठवड्यांची चाचणी ठरवा आणि एक साधी वही ठेवा: तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, रात्रीची झोप, आणि 'आज किती जड गेलं' याला १० पैकी मुलाने स्वतः दिलेला आकडा. हा आकडा नवख्याचा ५ ते ७ च्या दरम्यान राहायला हवा. रोज ९ येत असेल तर कार्यक्रम जड आहे, मूल आळशी नाही.

झोपेचा रकाना गंमत म्हणून ठेवलेला नाही. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते, त्याहून लहानांना ९ ते १२. ताकद वाढते ती विश्रांतीत, आणि पहाटेचा व्यायाम झोप कापून होत असेल तर तो संध्याकाळी न्या.

दोन आठवड्यांनी पायरी ४ मधल्या पाच हालचालींचं चित्रण पुन्हा करा. वजनं वाढली नसली तरी चालेल. बैठक खोल आणि स्थिर झाली का, उतरण्याचा आवाज कमी झाला का, ते बघा. मुलाला विचारा, 'शेवटचं काय सोपं करून दिलं त्यांनी?' उत्तर आलं तर कार्यक्रम चालू ठेवा. दर आठवड्याला तोच सांधा दुखतो, भूक मेली आहे, चिडचिड वाढली आहे, मुलीची पाळी तीन महिने आली नाही किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरू झालेली नाही, तर आधी डॉक्टर. कमी खाऊन जास्त व्यायाम झाल्याची ही लक्षणं असू शकतात, आणि ती मुलांमध्येही दिसतात, फक्त त्यांच्यात ओळखायला कठीण.

सीझन सुरू झाल्यावर

बहुतेक घरांत पहिल्या सामन्याबरोबर ताकदीचा व्यायाम बंद होतो. पूर्ण थांबवलं तर कमावलेली ताकद पुढच्या काही आठवड्यांत ओसरू लागते. टिकवायला मात्र कमवण्यापेक्षा पुष्कळ कमी लागतं: आठवड्यातून एक, जमल्यास दोन दिवस, सेट निम्मे, वजन साधारण तेवढंच, अर्ध्या तासात संपणारं. सामन्याच्या आदल्या दिवशी नको आणि सीझनच्या मध्यात नवीन व्यायाम नको. न सवयीच्या व्यायामाने अंग दुखतं ते नेमकं सामन्यादिवशी. प्रवेश घेतानाच विचारून ठेवा, की सीझनमधला हा छोटा कार्यक्रम ते देतात का. पुढच्या ऑफ-सीझनला वही काढा, शेवटी जी वजनं होती त्याच्या दोन टप्पे खालून सुरू करा, आणि उंचीचा रकाना आधी भरा.